मांडीवरची सुई

"कमरेखाली घ्या, ईश्वरदासजी. तिथं मांस जास्त, तरास कमी," असं कंपाउंडर रुपराव पहिल्याच दिवशी म्हणाला होता. पण कोष्ट्याच्या पोटी जन्मलेल्या, अठरा वर्षं हातमागावर बसलेल्या या माणसानं तिथे भलतंच डोकं चालवलं.

"दिवसभर बसून काम करतो गा मी. तिथं टोचली त बसू कसा? मांडीत दे."

रुपरावनं खांदे उडवले आणि मांडीत दिली. आता हातमाग ज्यानं पाहिला नाही त्याला यातला मूर्खपणा कळायचा नाही, म्हणून सांगतो. जमिनीत कंबरभर खड्डा असतो. विणकर त्याच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि तळाच्या दोन पावड्या आळीपाळीनं दाबतो. उजवी दाबली की अर्धे धागे वर उचलले जातात आणि मधून धोटा पळतो. डावी दाबली की उरलेले अर्धे. बूड बिचारं नुसतं टेकलेलं असतं. राबते ती मांडी. दिवसाला हजारो वेळा. म्हणजे ज्या जागेला काम नव्हतं ती ईश्वरदासनं जपली आणि जिच्यावर पोट चालत होतं ती सुईपुढे केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या दिवशी त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि त्याचं कारण सुई नव्हती.

ईश्वरदास पराते तांडापेठेत राहायचा. वय चौतीस, अंगानं सडपातळ, बोलायला कमी. लुगडी मात्र अशी विणायचा की विणकर सोसायटीतला माल तपासणारा माणूस त्याच्या घड्या उलगडूनसुद्धा पाहत नसे. घरात आई तुळजाबाई आणि बायको गोपिका. गोपिका उमरेडची, विणकराचीच मुलगी. सुताच्या कांड्या भरायला बसली की चरखा तिच्या हाती गाणं म्हणतो असं शेजारी म्हणत. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. त्रेसष्ट साली लग्न झालं, चौऱ्याहत्तर उजाडलं. तेवढ्या काळात जेवढे नवस, गंडे, वैदू आणि बाबा करता येतात तेवढे सगळे गोपिकावर करून झाले होते. ईश्वरदासवर एकही नाही. असं काही त्याच्यावर करायचं असतं हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं, त्याच्याही नाही.

शेवटी कोणीतरी रामदासपेठेतल्या एका डॉक्टरचं नाव सांगितलं. तांडापेठेतून रामदासपेठ म्हणजे गावाचं दुसरं टोक. तिथे ओळखीचं कुत्रं भेटायचं नाही, म्हणून दोघं गेली. डॉक्टरनं गोपिकाला एका बाईडॉक्टरकडे धाडलं आणि ईश्वरदासच्या हातात एक काचेची बाटली देऊन जे सांगितलं ते ऐकून त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आठ दिवसांनी निकाल घ्यायला तो एकटाच गेला.

"बाईंमध्ये काहीच दोष नाही," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. "तुमच्या शरीरात एक रस तयार व्हायला हवा, हार्मोन म्हणतात त्याला. तो फार कमी आहे. दर सोमवारी एक इंजेक्शन, अशी चोवीस घ्या. मग बघू."

कागद त्यांनी हातात दिला. इंग्रजीत होता. ईश्वरदासला इंग्रजी येत नव्हतं, तरी सीताबर्डीच्या पुलावर सायकल थांबवून त्यानं तो फाडला आणि तुकडे खाली रुळांवर सोडून दिले. चोराच्या मनात चांदणं. त्या कागदावर आपलं नाव आणि आपली कमतरता शेजारीशेजारी लिहिलेली आहे, एवढं त्याला पुरेसं होतं.

तरी घरी जाऊन खरं सांगायचं, असं त्यानं वाटेतली इतवारी पेठ येईस्तोवर ठरवलं होतं. हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण घरासमोर आला तर ओट्यावर आई आणि शेजारची भागीरथाबाई तांदूळ निवडत बसलेल्या. दोघींनी एकदमच मान वर केली.

"काय म्हनला डाक्टर?" तुळजाबाईनं विचारलं.

"थोडं तिच्यात हाय म्हन्ते," ईश्वरदास म्हणाला.

बस. खोटं बोलायला एवढाच वेळ लागतो. सायकलचं स्टँड लावायला त्याहून जास्त लागला. मान वळवली तेव्हा दारात गोपिका उभी होती. हाताला पीठ होतं. ती वळून आत गेली. आणि त्या दिवसापासून जे पाप तिचं नव्हतं ते तिनं पदरात बांधून घेतलं.

मग सुया सुरू झाल्या. त्या कशाच्या हे सांगणं भाग होतं, म्हणून कमरेची शीर आखडली आहे, तिच्या सुया, असं सांगून टाकलं. विणकराची कंबर दुखते, त्यात कोणाला संशय येणार? एक खोटं बोललं की त्याला सोबत लागते.

दर सोमवारी दुपारी गल्लीला मात्र सूत आणायला जातो असं सांगून तो निघायचा. दवाखान्याच्या मागच्या खोलीत रुपराव काचेची पिचकारी उकळून ठेवायचा. औषध तेलात कालवलेलं, एरंडेलासारखं दाट. कुपी तळहातात धरून तो ती कोमट करायचा, म्हणजे तेल जरा पातळ होतं. तरी आत शिरताना ते असं हळूहळू शिरायचं की ईश्वरदासला वाटे, ही सुई आता संध्याकाळपर्यंत निघत नाही.

"पाय ढिला सोडा. ताठ केला का जास्त दुखते," रुपराव सांगायचा. "एक सोमवार उजवी, एक सोमवार डावी. घरी शेक घ्या. आन बसून राहू नका, चाला-फिरा."

सायकलवर परत येताना दुखायला सुरुवात व्हायची. पुलाच्या चढावर उतरून ढकलत न्यावी लागे. संध्याकाळपर्यंत मांडीत लिंबाएवढी गाठ धरलेली असायची, कातडी तापलेली, लाल. मंगळवारी तर खाली बसताना भिंतीला धरावं लागे आणि उठताना तोंडातून "माय वं" निघे. बुधवारी उतार पडे. गुरुवारपासून माणूस बरा, आणि पुन्हा सोमवार पुढे उभाच.

शेक द्यायची गोपिका. चुलीत वीट तापवायची, जुन्या लुगड्याच्या घडीत गुंडाळायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहायची आणि मग त्याच्या मांडीवर ठेवायची. वीट निवली की दुसरी तयार. कधी वाळूची पुरचुंडी, कधी कोमट मोहाचं तेल. गाठीच्या भोवतीनं बोटं अशी फिरवायची की गाठीला धक्का लागू नये.

एका मंगळवारी शेकता शेकता ती म्हणाली, "माह्या चिंतेनंच झालं तुमाले हे. मानूस झुरला का त्याची शीर आखडते."

ईश्वरदासनं डोळे मिटून घेतले. दुखतं आहे असं तिला वाटलं, म्हणून तिनं हात आणखी हलका केला. त्या क्षणी त्याला स्वतःची इतकी किळस आली की उठून कुठेतरी पळून जावं. पण पळायला पाय कुठे होता? तो तिच्या हातात होता. आज सांगू, असं दर सोमवारी ठरायचं. उद्या सांगू, असं दर मंगळवारी. शेक छान लागायचा, आणि सांगितल्यावर तो मिळणार नाही, ही भीती त्याला होती. माणूस इतका हलका असू शकतो हे त्याला स्वतःवरून कळलं.

पण अंगाचं दुखणं लपतं, मागाचं लपत नाही. तांडापेठेत तेव्हा दारोदारी माग होते, आणि कोणाचा माग कसा बोलतो हे सगळ्यांना ठाऊक असे. समोरच्या घरातला म्हातारा नत्थू नजरेनं अधू झाला होता; आता त्याचं काम एवढंच, दिवसभर ओट्यावर बसून गल्लीतले माग ऐकायचे. एका मंगळवारी त्यानं हाक मारली.

"ईश्वरदास, तुहा उजवा पाय कुठं गेला गा?"

"काहून बाबाजी?"

"मागच्या मंगळवारी डावा गेला होता. आज उजवा गेला. एक पावडी पुरी दबते, दुसरी अर्धी. मले काय आयकू येत नाही का?"

"शीर हाय कमरेची."

"कमरेची शीर आठवड्याले पाय बदलते हे मी पहिल्यांदाच आयकून राहिलो," नत्थू म्हणाला आणि तंबाखू मळू लागला.

आणि नत्थूच्या कानाला कळलं ते कापडालाही कळलंच. पावडी अर्धी दबली की सगळे धागे वर येत नाहीत. धोटा काहींच्या खालून जायचा तो वरून जातो, आणि कापडात बारीक जाळी पडते. आश्विनात सोसायटीतल्या माणसानं कधी नव्हे ते त्याचं लुगडं उलगडून उजेडासमोर धरलं. वीतभर चांगलं, मग जाळीचा पट्टा, मग सात-आठ हात चांगलं, पुन्हा पट्टा. प्रत्येक पट्टा म्हणजे एक मंगळवार.

"ईश्वरदासजी, हे तुमचं लुगडं हाय?" त्यानं विचारलं. चार विणकर वळून पाहू लागले.

"माहंच हाय," ईश्वरदास म्हणाला आणि घडी न घालताच लुगडं काखेत मारून बाहेर पडला. पट्ट्यांवर काय लिहिलं आहे हे त्याच्याखेरीज कोणाला वाचता येत नव्हतं, तरी आपण धोतर फेडून उभे आहोत असं त्याला वाटत राहिलं.

इकडे गोपिकाचे दिवस त्याहून वाईट होते. अकरा वर्षं लोक तिला वांझ म्हणत, पण दबक्या आवाजात. काय सांगावं, उद्या कूस उजवेल. आता डॉक्टरनंच सांगितलं म्हटल्यावर आवाज मोकळे झाले. सकाळी नळावर तिची घागर लागली की भागीरथाबाई आपली घागर मागे ओढून घ्यायची. तिची सून पोटुशी होती. मग नातू झाला. बारशाचं बोलावणं तुळजाबाईला आलं, गोपिकाला आलं नाही. त्या संध्याकाळी गोपिका कांड्या भरत बसली होती आणि शेजारून पाळण्याची गाणी ऐकू येत होती. ईश्वरदास मागावर होता. त्यानं मुद्दाम वीण ठोकायचा हात्या जोरात आपटत ठेवला, म्हणजे तिला गाणी ऐकू येऊ नयेत. त्याच्यानं तेवढंच झालं.

दिवाळी झाली आणि तुळजाबाईनं विषय काढला. दुसरी करायची. बाहेरची आणून गोपिकाला हाकलायची अशी ती कैदाशीण नव्हती. तिनं गोपिकाच्याच काकाची मुलगी लतिका हेरली होती. बहिणी बहिणी राहतील, भांडण नाही. कायद्यानं आता असं चालत नाही, असं कोणी म्हणालं तर "कायदा का माहा वंश चालवून देते?" असं तिचं उत्तर तयार होतं. गोपिकाला तिनं विचारलं. गोपिका म्हणाली, "तुमी म्हनाल तसं, आत्याबाई. दोष माहाच हाय." आणि उमरेडला निरोप गेला.

गोपिकाचे वडील महादेवराव आले तो नेमका मंगळवार होता. पंधरावी सुई आदल्या दिवशी उजव्या मांडीत बसली होती. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली. महादेवराव बसले, मोठा माणूस म्हणून नत्थूला आणून बसवलं, तुळजाबाई भिंतीशी बसली. भागीरथाबाई दारात उभी राहिली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण तिला कधीच बोलवावं लागत नसे. ईश्वरदासला मांडी घालता येईना. पाय सरळ ठेवावा तर तो सासऱ्याच्या अंगावर येतो. तो अवघडून एका कुशीवर टेकला.

आतल्या दारातून गोपिका म्हणाली, "बाबा, राग नका मानू. त्याइच्या मांडीत सुई हाय. पाय मुडपत नाही."

"राहू दे, राहू दे," महादेवराव म्हणाले. "जवाईबापू, तुमी पाय लांब करून बसा." आणि सासरा स्वतः मागे सरकला.

मुलीवर सवत आणायला बोलावलेला बाप जावयाच्या पायाला जागा करून देत होता. ईश्वरदासला ते सहन झालं नाही. महादेवरावांनी खाकरून सुरुवात केली होती, "आता पोरीतच खोट निघाली, त आमी काय तोंडानं नाही म्हनाव..." आणि ईश्वरदासनं मध्येच तोंड उघडलं.

"खोट तिच्यात नाही. माह्यात हाय."

नत्थूचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

"डाक्टरनं माह्यात सांगितली. मी घरी खोटं बोललो. ह्या सुया कमरेच्या नाहीत. मले पोरं होत नाहीत म्हनून आहेत. गोपिका चांगली हाय."

झालं. चार महिने घशात अडकलेलं हाडूक निघालं. आता आई कपाळ बडवेल, सासरा उठून थोबाडीत देईल, नत्थू थुंकेल, असं वाटून त्यानं मान खाली घातली आणि वाट पाहिली.

तुळजाबाई रडायला लागली. पण ते रडणं वेगळंच होतं.

"पाहा, इवाई, पाहा!" ती व्याह्याला म्हणाली. "बायकोवर सवत येऊ नये म्हनून सोताच्या अंगावर घेऊन राहिला. असा कोनी मर्द बोलते का? माहा लेक देव हाय हो, देव!"

"माय, मी खरं सांगून राहिलो..."

"खरंच सांगशीन बापा. तुह्या बापाचाच सभाव हाय हा."

ईश्वरदासनं धोतर मांडीवर सरकवलं. शरम कसली धरायची आता? लाल गाठ, तिच्याभोवती सुयांचे जुने काळे ठिपके. "हे पाहा! हे काय हाय मंग?"

नत्थूनं डोळे किलकिले केले. "सुईवर का नाव लिवलं रायते गा, कशाची हाय म्हनून?"

"कागद होता डाक्टरचा. मी फाडला."

"हो, फाडला असशीन," नत्थू मायेनं म्हणाला.

आणि मग महादेवरावांनी जे केलं ते ईश्वरदास मरेपर्यंत विसरला नसेल. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्याच्या त्या लांब केलेल्या पायावर ठेवली. "माह्या पोरीनं पुन्य केलं होतं," एवढंच म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसू लागले. ईश्वरदास ती टोपी उचलायला वाकला, मांडीतून अशी कळ गेली की तो अर्ध्यातच थांबला. बघणाऱ्यांना वाटलं, जावई सासऱ्याला वाकून नमस्कार करतो आहे. दारातली भागीरथाबाईसुद्धा हुंदके देत होती.

खोटं बोलला तेव्हा सगळ्यांना पटलं होतं. खरं बोलला तर देवमाणूस ठरला. असा जोडा देवानंसुद्धा हाणू नये कोणाला.

एकाच माणसाला खरं कळलं. आतल्या दारात गोपिका चहाच्या कपबशा घेऊन उभी होती. पंधरा सोमवार जिनं मांडी शेकली तिला, कमरेच्या दुखण्याची सुई एका आठवड्यात उजव्या मांडीत, एका आठवड्यात डाव्या मांडीत का, हे सगळं आता कळलं. तिनं कपबशा खाली ठेवल्या. बापाला चहा दिला, सासूला दिला, नत्थूला दिला. ईश्वरदाससमोर कप ठेवताना तिनं त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं थोबाडीत खाण्यापेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या लग्नाचा विषय अर्थातच संपला. असा नवरा असताना कोण सवत आणणार? महादेवराव दुपारच्या एसटीनं परत गेले. जाताना मुलीशी परसात दोन शब्द बोलले, मग नत्थूच्या पाया पडून निघाले. पुढच्या सोमवारी सोळावी सुई झाली. गोपिकानं वीट तापवली, फडक्यात गुंडाळली, त्याच्या हाताशी ठेवली आणि आत निघून गेली. कुठे शेकायचं, किती दाबायचं हे त्याचं त्यानं पाहायचं. त्यानं पाहिलं आणि मांडी पोळून घेतली.

तिकडे सगळ्या गल्लीत एकच विषय. बायका नळावर गोपिकाला म्हणायच्या, "नशीब काढलं वं गोपिके! वांझ बाईले कोन असं संभायते?" आणि गोपिका "हो" म्हणायची. माग बंद असला की ते घरात ऐकू यायचं. ईश्वरदास मोजू लागला होता. एका सकाळी तीन हो.

चौथ्या दिवशी त्याच्यानं राहवलं नाही. ती घागर ठेवून पदरानं हात पुसत होती.

"तू हो काहून म्हन्तेस? सांग ना त्याइले, का खरं काय हाय."

बैठकीनंतर ती पहिल्यांदा त्याच्याशी नीट बोलली.

"मी सांगू? म्हनतील, पाहा, नवऱ्यानं वाचवलं आन हे त्याच्यावरच ढकलून राहिली." मग पदर कमरेला खोचत म्हणाली, "पहिले मी निस्ती वांझ होती. आता देवमानसाची वांझ झाली. पहिले माह्यावर राग तरी करत होते. आता कीव करतात."

"मी बैठकीत त सांगितलं."

"सांगितलं. चार महिन्यानं. तवर मी तुमच्यासमोर रोज मरून राहिली आन तुमी माह्याच हातानं शेकून घेऊन राहिले. मले पोर नाही याचं दुख सोसलं असतं मी. तुमी मले त्याच्यात एकटीले टाकलं."

ईश्वरदास खड्ड्यात पाय सोडून नुसता बसून राहिला. त्या दिवशी मागाचा आवाज गल्लीला ऐकू आला नाही.

पुढच्या मंगळवारी, सतराव्या सुईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यानं घागर उचलली. नळ पाच ते सात यायचा आणि तो वेळ बायकांचा. पुरुष गेलाच तर सात वाजता उरल्यासुरल्या धारेखाली तोंड धुवायला. ईश्वरदास लंगडत गेला आणि रांगेत घागर ठेवून उभा राहिला. रांग आपोआप दोन पावलं दूर सरकली. कोणी पदर सारखा केला, कोणी हसू दाबलं.

"काय भाऊजी, गोपिका बिमार हाय का?" भागीरथाबाईनं विचारलं.

"नाही. बरी हाय. तिले पहिलेपासून काहीच नाही झालं." त्यानं दुखऱ्या मांडीला हात लावला. "बैठकीत मी बोललो थे खरं होतं, भागीरथाबाई. तिले वाचवायले नाही बोललो. खोटं बोललो थे त्या दिवशी, ओट्यावर, तुमी तांदूळ निवडत होत्या तवा. त्या दिवशी मी सोताले वाचवलं. पोर माह्यानं होत नाही. सुया माह्या आहेत. सोमवारी रामदासपेठेत जाऊन घेतो."

नळाखालची घागर भरून वाहत होती आणि ती सारायचं कोणाला सुचत नव्हतं. मागे एक पोरगी फिसकन हसली, तिला तिच्या आईनं चिमटा काढला. पण भागीरथाबाई हसली नाही. चार पुरुषांच्या बैठकीत मोठेपणासाठी माणूस काय वाटेल ते बोलतो, तिथे बोललेल्याचं सोनं होतं. बायकांच्या नळावर येऊन, मांडीला हात लावून असं बोलून मर्दाला काय मिळणार? नुसती नाचक्की. ते तिला कळलं. तिनं भरलेली घागर बाजूला केली आणि म्हणाली, "भरा भाऊजी. तुमचं होऊ द्या पहिले."

तो भरलेली घागर खांद्यावर घेऊन परत निघाला. लंगडताना पाणी हिंदकळत होतं आणि पाठ भिजत होती. मागे बायका बोलायला लागल्या होत्या. आज संध्याकाळपर्यंत हे इतवारीपर्यंत जाणार हे त्याला ठाऊक होतं. शरमेनं त्याचं तोंड जळत होतं, पण ही शरम त्याची स्वतःची होती. दुसऱ्याच्या अंगावर घातलेली नव्हती.

गोपिका दारात उभी होती. नळ काही लांब नव्हता. तिनं सगळं ऐकलं होतं. घागर त्याच्याकडून घेऊन तिनं आत ठेवली. तो भिंतीला धरून खाली बसायला लागला, तेवढ्यात ती म्हणाली, "बसू नका. उमरेडची एसटी साडेआठले हाय."

"उमरेड? काहून?"

"माह्या मायले कोन सांगन?"

त्याला कळेना. गोपिका चुलीकडे पाहत बोलत होती.

"बाबा जाताना परसात सांगून गेले. डाक्टरनं पोरीत दोष सांगितला असं तिनं आयकलं, त्या दिवसापासून माय अळनी खाते. माह्याच कुशीतली खोट पोरीत उतरली म्हन्ते. भाजीत मीठ नाही, भाकरीत मीठ नाही. चार महिने झाले. आन परवा निरोप आला, तुमी देवमानूस आहात हे आयकून त तिनं दूधबी सोडलं."

पाय दुखतो आहे, उद्या जाऊ, असं अगदी ओठांवर आलं होतं. ईश्वरदासनं ते गिळलं. भिंतीला धरून पुन्हा उभा राहिला, ओला सदरा काढून दुसरा घातला. वळून पाहतो तर गोपिकानं लुगडं बदललं होतं आणि ती पायात चपला सरकवत होती.

"तू कुठं? मी सांगतो ना तिले. सगळं सांगतो."

"तुमीच सांगा. मी काही बोलनार नाही," गोपिका म्हणाली. "पन आज तिच्या ताटात मीठ मी वाढीन."